विस्मय आणि आनंद : विवाल्दीच्या ‘ग्रोस्सो मोगुल’च्या निमित्ताने

आज आपण एकच प्रश्न हाताशी धरणार आहोत. बरोक काळातलं, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या दीडशे वर्षांतलं युरोपीय व्हायोलिनसंगीत समोर बसून ऐकावं, वाजवणारा उमेदीने वाजवणारा असावा, आणि कार्यक्रम संपल्यावर माणसं हसऱ्या चेहऱ्याने बाहेर पडावीत, हा अनुभव आपल्यापैकी काहींना असेल. बाहेर पडताना कोणी म्हणतं, ‘काय वेग होता!’ कोणी म्हणतं, ‘काय मजा आली!’ या दोन उद्गारांत काही फरक आहे का? पहिला उद्गार विस्मयाचा आहे, दुसरा आनंदाचा. समीक्षा लिहिताना आपण दोन्ही एकाच पारड्यात टाकतो. आपलं आजचं म्हणणं असं, की हे दोन वेगळे अनुभव आहेत, आणि बरोक संगीताचं आजचं वादन जोखायचं असेल तर हा फरक केल्याशिवाय चालणार नाही.

एका जुन्या साक्षीपासून सुरुवात करू. तारीख ४ फेब्रुवारी १७१५, गाव व्हेनिस, नाट्यगृह सांत’आंजेलो. फ्रँकफर्टचा उफेनबाख नावाचा एक संगीतप्रेमी प्रवासी तिथे ऑपेरा पाहायला गेला होता. आंतोनिओ विवाल्दी तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. त्याने व्हायोलिनवर साथ केली आणि तिच्या शेवटी स्वतःची एक मोकळी फँटसी जोडली. उफेनबाखने रोजनिशीत लिहून ठेवलंय की आपण दचकलोच. बोटं घोडीच्या इतकी जवळ गेली की मध्ये काडीएवढं अंतर उरलं, गज फिरवायला जागाच राहिली नाही, आणि हे सगळं चारही तारांवर, अविश्वसनीय वेगात. सगळे थक्क झाले. विवाल्दीचं कौतुक करताना ही नोंद हमखास सांगितली जाते. पण तिचा पुढचा भाग मागे पडतो. उफेनबाख पुढे म्हणतो की याने आपल्याला मोह पडला असं मात्र म्हणता येत नाही. करायला जितकं कौशल्याचं, तितकं ते ऐकायला सुखाचं नव्हतं.

बघा, किती प्रामाणिक श्रोता आहे हा! डोळे विस्फारले, पण मन भरलं नाही, हे तो सरळ सांगतो. तीनशे वर्षांपूर्वीची ही तक्रार आजही तितकीच खरी आहे.

आता एक रचना समोर ठेवू, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. विवाल्दीचा डी मेजरमधला एक व्हायोलिन कॉन्चेर्तो आहे, सूचीतला क्रमांक आर. व्ही. २०८. हस्तलिखित परंपरेत त्याला ‘ग्रोस्सो मोगुल’ असं नाव मिळालंय, म्हणजे थोर मोगल. नाव ऐकून आपले कान टवकारतात, पण संगीतात हिंदुस्थानी काही शोधू नका, सापडायचं नाही. त्या काळच्या व्हेनिसमध्ये ‘थोर मोगल’ हा शब्द डोळे दिपवणाऱ्या वैभवाची खूण होता. व्हेनिसचाच मनुची मोगल दरबाराच्या आसऱ्याने हिंदुस्थानात आयुष्य काढत होता. जयसिंगाच्या छावणीत शिवाजी महाराजांशी भेट झाल्याचं त्याने लिहिलं आहे, तो हाच मनुची. तेव्हा व्हेनिसच्या कल्पनेतला मोगल म्हणजे रत्नं, हत्ती, खजिना. कॉन्चेर्तोचा बाह्य थाट तसाच आहे.

या कॉन्चेर्तोचे तीन भाग आहेत: द्रुत, विलंबित, द्रुत. पहिल्या आणि तिसऱ्या भागात एकट्या व्हायोलिनसाठी लांबलचक कॅडेन्झा आहे. कॅडेन्झा म्हणजे बाकीचे वादक थांबतात आणि मुख्य वादक एकटाच मोकळा सुटतो, ती जागा. उफेनबाखचं वर्णन वाचल्यावर जी रचना आठवावी अशी ही आहे. गंमत म्हणजे याच कॉन्चेर्तोचं एक रूप विवाल्दीच्या सातव्या संग्रहात अ‍ॅमस्टरडॅमला छापलं गेलं, आणि त्या छापील रूपात कॅडेन्झा नाहीत, मधला भागही वेगळा आहे. म्हणजे विकत घेऊन घरी वाजवायला एक रूप, आणि रंगमंचावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाजवायला दुसरं. छापण्याची चीज आणि मैफलीची चीज यांतला हा फरक आपल्याला नवा नाही. बंदिशीचं नोटेशन पुस्तकात असतं, पण गाणं पुस्तकात नसतं.

मग उफेनबाखला काय कमी पडलं? इथे आपण स्पिनोझाकडे जाऊ. १६७७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, त्याचं ‘एथिक्स’ प्रसिद्ध झालं. त्यात भावनांच्या व्याख्यांची एक यादी आहे. विस्मयाबद्दल तो म्हणतो की मन एखाद्या गोष्टीपाशी खिळून राहतं, कारण त्या एकट्या गोष्टीचा बाकी कशाशीच संबंध लागत नाही. म्हणून तो विस्मयाला भावनांमध्ये धरतच नाही. तिथे मनाची हालचाल थांबलेली असते. आणि आनंद? आनंद म्हणजे कमी पूर्णतेकडून अधिक पूर्णतेकडे होणारं मनाचं संक्रमण. शब्द नीट ऐका: संक्रमण. पूर्णता गाठून बसणं याला तो आनंद म्हणत नाही. माणूस जन्मतःच पूर्ण असता तर त्याला आनंद झालाच नसता, असं त्याचं म्हणणं आहे. आनंदाला ‘इथून तिथे’ असा प्रवास लागतो.

ही कसोटी आता व्हायोलिनला लावू. घोडीजवळचा तो अतितार स्वर, तो वेग, यांचा मागच्या-पुढच्याशी संबंध लागला नाही तर मन तिथेच खिळतं. टाळ्या पडतात, पण आपण होतो तिथेच राहतो. उफेनबाखचं तेच झालं असावं. उलट, वादक आपल्याला ठाऊक असलेल्या जागेवरून निघाला, अनोळखी मुलखात गेला आणि तिथून परतीची वाट त्याने आपल्यासमक्ष शोधली, तर त्या वाटेवर आपणही चाललेलो असतो. तिथे आनंद होतो.

आणि बरोक कॉन्चेर्तोची बांधणीच या प्रवासासाठी आहे. त्याचा कणा म्हणजे रितोर्नेल्लो. इटालियन शब्द आहे, अर्थ ‘छोटंसं परतणं’. सगळ्यांनी मिळून वाजवायचा एक मजकूर सुरुवातीला येतो, मग एकटं व्हायोलिन बोलतं, मग तो मजकूर परत येतो, पुन्हा एकटं व्हायोलिन. आपल्या ख्यालात तान घेऊन मुखड्यावर यावं, समेवर यावं, तसं काहीसं हे आहे. पण साम्य फार ताणायला नको. आपला मुखडा त्याच षड्जावर उभा असतो. विवाल्दीचा रितोर्नेल्लो मात्र दर वेळी दुसऱ्या स्वरपट्टीत भेटतो, अनेकदा तुटक, अर्धामुर्धा. जणू घर तेच, पण परगावी उभारलेलं. मूळ स्वरपट्टीत, आपल्या गावात, आपण शेवटीच पोचतो. ते पोचणं किती मोलाचं वाटतं, हे आपण किती लांब गेलो होतो यावर अवलंबून असतं.

वाद्याचाही यात वाटा आहे. बरोक व्हायोलिनला मेंढीच्या आतड्याची तात असते, हनुवटी टेकायला आधार नसतो (तो १८२० च्या सुमारास आला), आणि गज हलका, बाहेरच्या बाजूला किंचित फुगीर असतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या तुर्तने जो गज रूढ केला, त्याने स्वर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा, सलग काढता येतो. जुन्या गजाचं तसं नाही. गज ओढला की स्वर जोमाने उमटतो आणि विरत जातो. उलट दिशेने लोटला की तो मुळातच हलका. त्यामुळे प्रत्येक स्वराला उच्चार असतो, जोर आणि उतार असतो, बोलण्यात असतो तसा. स्वर सारखा थरथरवणंही तेव्हा गृहीत नव्हतं. लेओपोल्ट मोझार्टने, म्हणजे थोरल्या मोझार्टने, १७५६ च्या आपल्या व्हायोलिनच्या पाठ्यपुस्तकात प्रत्येक स्वर थरथरवणाऱ्यांची थट्टा केली आहे, की यांना ताप भरलाय की काय. कंप हा दागिना. रोज अंगावर घालायचा कपडा नव्हे.

शिवाय तात हट्टी असते. सभागृहात दिव्यांची ऊब वाढली, हवेत दमटपणा आला की तारा हलतात, दोन भागांच्या मध्ये वादक पुन्हा स्वर जुळवत बसतात. कधी तात पहिल्या क्षणी धरत नाही, थोडी खरखरते. ही खरखर वाजवणाऱ्याच्या शरीराची आणि वाद्याच्या विरोधाची बातमी देते. काहीतरी अवघड आहे, आणि ते आत्ता साधलं, हे आपल्याला कानाने कळतं. संक्रमण ऐकू येतं ते असं.

आता मधल्या भागाकडे वळू. वेगाच्या कौतुकात हा भाग हरवतो, आणि आपल्या मते सगळा कॉन्चेर्तो त्यावरच तोललेला आहे. त्याला ‘रेचितातिव्हो’ म्हटलंय. ऑपेरात गायक जे ठरावीक लयीत न गाता बोलल्यासारखं म्हणतो, ते रेचितातिव्हो. इथे ते व्हायोलिन म्हणतं, बी मायनरमध्ये, शब्दांशिवाय. खाली फक्त खर्जाची साथ: चेलो, हार्पसिकॉर्ड, कधी थिऑर्बोसारखं लांब मानेचं तंतुवाद्य. साथीदारांपुढे खर्जाचे स्वर आणि जुजबी खुणा असतात, वरचं स्वरसंवादाचं अंग त्यांनी आयत्या वेळी भरायचं. व्हायोलिन वाक्य अर्ध्यावर सोडतं, साथीदार वाट पाहतात, मग एक स्वरसंघात हलकेच ठेवतात. इथे घाई करून चालत नाही. काही वादक हा भाग लवकर आटोपतात, जणू दोन पराक्रमांमधली विश्रांती. तसं झालं की तिसरा भाग पोकळ होतो. ज्याने अंधार पाहिला नाही त्याच्या उजेडाचं काय कौतुक! हा विलाप नीट वाजला तर तिसऱ्या भागाचा पहिला डी मेजर ऐकताना श्वास मोकळा होतो. माथेसोन नावाच्या हांबुर्गच्या संगीतपंडिताने १७३९ मध्ये लिहिलं होतं की आनंद म्हणजे आपल्या चैतन्याचं प्रसरण, म्हणून तो मोठ्या स्वरांतरांनी व्यक्त करावा, आणि दुःख आकुंचन, म्हणून लहान स्वरांतरांनी. नियम म्हणून हे ढोबळ आहे. पण या जागी ते छातीत जाणवतं.

आणि मग शेवटची कॅडेन्झा. आपली टीका मुख्यतः इथल्या वादनावर आहे. एका तऱ्हेच्या वादनात ती सर्कशीतल्या कसरतीसारखी येते: पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच वेग, एकच जोर, गज तारांवर आपटलेला, बाकीचे वादक प्रेक्षकांसारखे बघत उभे. दुसऱ्या तऱ्हेत ती एक लांब वाक्य असते. वादक एका आकृतीपाशी रेंगाळतो, ती पुन्हा म्हणतो, तिला थोडं वर सरकवतो, अडतो, वाट बदलतो, आणि फार वर, जिथे तात जवळजवळ बोलेनाशी होते, तिथे पोचून क्षणभर थांबतो. आता हा खाली कसा येणार? साथीदारांचे गज हवेत तयार असतात. बहुतेक बरोक समूहांत निर्देशक नसतो. मुख्य वादकच श्वासाने, मानेने, गजाच्या हालचालीने खूण देतो. तो श्वास घेतो, सगळे घेतात, आणि रितोर्नेल्लो फुटतो. तांत्रिकदृष्ट्या दोन्ही तऱ्हा अवघडच. पहिलीत आपल्याला विस्मय मिळतो. दुसरीत तो विस्मय पुढे कशाला तरी जोडला जातो, आणि म्हणून आनंदात उतरतो.

इथे थोडा इतिहास. १९५० च्या दशकात ‘इ म्युझिची’सारख्या समूहांनी विवाल्दी घराघरांत नेला. वादन मखमली होतं, एकसंध, गोड. मग जुन्या वाद्यांची चळवळ जोर धरू लागली: हार्नोनकूर्टचा व्हिएन्नामधला समूह १९५३ चा, मिलानचा ‘इल जार्दिनो आर्मोनिको’ १९८५ चा, फाबिओ बिओंदीचा ‘युरोपा गालान्ते’ १९९० चा. विशेषतः या इटालियन समूहांनी मखमल फाडली. उन्हाळ्याचं वादळ खरंच वादळासारखं वाजू लागलं. हे मोठं काम झालं, त्याबद्दल कृतज्ञ राहायला हवं. पण प्रत्येक क्रांतीची पुढे रीत बनते. आज काही वादनं ऐकताना वाटतं की खडबडीतपणाच आता नवी मखमल झालाय. प्रत्येक जागा वादळी केली की वादळ कुठलं? रिचर्ड टारुस्किन या अमेरिकन अभ्यासकाने बजावलं होतंच, की ज्याला आपण अस्सल जुनं म्हणतो ते पुष्कळदा आपल्याच काळाच्या आवडीचं रूप असतं. त्याचं म्हणणं आपण मान्य करतो, पण त्यातून निराश होत नाही. १७१५ सालचा आवाज परत आणणं हा मुळात हेतूच नसावा. तातेची आणि जुन्या गजाची निवड चांगली, कारण त्यांनी वाक्य बोलता येतं, उच्चार येतो, जोखीम ऐकू येते. एवढं कारण पुरेसं आहे.

जोखीम म्हटली की एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. पियानोवादक ग्लेन गूल्ड याने १९६४ मध्ये जाहीर मैफली कायमच्या सोडल्या. त्याच्या मते श्रोते वादक कधी चुकतो याची वाट पाहत बसतात. मैफल हा एक क्रूर खेळ आहे. हे खोटं आहे असं म्हणता येणार नाही. दोरीवरचा डोंबारी पाहणाऱ्या गर्दीत असे डोळे असतातच. पण गूल्डचं वर्णन विस्मयाच्या मैफलीला लागू पडतं. पडण्याची वाट पाहणारा माणूस दोरीच्या बाहेर उभा असतो. रितोर्नेल्लोची वाट पाहणारा आत असतो, त्याला वादकाचं सुखरूप परतणं हवं असतं, कारण त्याला स्वतःलाही परतायचं असतं.

आणि चूक झालीच तर? नेल्सन गुडमन या तत्त्वज्ञाने १९६८ मध्ये एक कडक नियम मांडला. त्याच्या हिशेबाने एकही चूक नसलेलं रटाळ वादन हे त्या कृतीचं खरं वादन ठरतं, आणि एक स्वर चुकलेलं दिव्य वादन ठरत नाही. हा निष्कर्ष विचित्र आहे हे गुडमनलाही ठाऊक होतं. कृतीची ओळख टिकवायला एवढी किंमत मोजावी लागते, असं त्याचं म्हणणं. ओळखीपुरतं ते असू दे. पण समीक्षा ओळखपरेडीसाठी करत नाहीत. ज्या संगीतात साथीदार आयत्या वेळी स्वर भरतात, ज्याची छापील प्रत कॅडेन्झाच गाळते, तिथे ‘बरोबर वाजवलं का?’ याच्या अगोदर ‘कुठून कुठे नेलं?’ हे विचारायला हवं.

‘जिवंत’ या शब्दाबद्दलही एक खुलासा. समोर बसून पाहण्यातच सगळी मौज आहे, असं आपण म्हणत नाही. विवाल्दी व्हेनिसच्या पिएता या अनाथाश्रमात १७०३ पासून शिकवत होता. तिथल्या मुली उत्तम वाजवत, त्यांच्यातल्या आन्ना मारियासाठी त्याने कॉन्चेर्तो लिहिले. पण या मुली चर्चमध्ये वाजवायच्या त्या जाळीआड. श्रोत्यांना गज धड दिसत नसे, चेहरा दिसत नसे, तरी युरोपभरचे प्रवासी त्यांना ऐकायला येत. म्हणजे जिवंतपणा म्हणजे देखावा नव्हे. तो एकाच वेळात असणं आहे: वाजवणाऱ्याला पुढचं अजून माहीत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही.

याची उलट बाजू पाहायची तर बाखकडे जा. योहान सेबास्टियन बाखने वायमारला असताना हाच कॉन्चेर्तो ऑर्गनसाठी उतरवून घेतला, डी मेजरचा सी मेजर केला, आणि कॅडेन्झाही ठेवल्या. ऑर्गनवर ती भव्य वाटते, सगळे स्वर जागच्या जागी. पण ऑर्गनचा स्वर दाबला की उभा राहतो. तातेचा स्वर गजाने क्षणोक्षणी जगवावा लागतो. दोन्ही रूपं लागोपाठ ऐका. व्हायोलिन या रचनेत नेमकं काय घालतं, ते कोणी न सांगता कळेल.

आपण सगळे हे व्याख्यान पडद्यावर ऐकता-वाचता, आणि आपल्यापैकी अनेकांच्या गावात बरोक समूह कधी येणार नाही. मग काय करायचं? ध्वनिमुद्रणात एक अडचण आहेच: तिसऱ्यांदा ऐकताना कॅडेन्झा सुखरूप उतरणार हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. त्यावर एक साधा उपाय सुचवतो. एकच वादन दहादा ऐकण्याऐवजी हा कॉन्चेर्तो चार वेगवेगळ्या वादकांचा ऐका, शक्यतो मैफलीतच चित्रित झालेला, आणि एकदम अखंड. कॅडेन्झाचा तुकडा वेगळा काढून ऐकू नका. तुकडा म्हणजे निव्वळ विस्मय; त्याचा मागच्या-पुढच्याशी संबंध आपणच तोडलेला असतो. आणि ऐकताना वेग मोजू नका. मधल्या भागात कोण थांबतो, ते ऐका.

शेवटचा मुद्दा. आपल्याकडे एक समज खोल रुजलाय की थोर कला म्हणजे दुःखाची, आणि आनंदाची कला जरा हलकी. विवाल्दीला म्हणूनच कमी लेखलं जातं. स्पिनोझा आनंदाचे दोन प्रकार करतो. एक गुदगुली, शरीराच्या एका भागापुरती. तिचा अतिरेक होऊ शकतो. दुसरी प्रसन्नता, जी सगळ्या अंगांना सारखीच व्यापते. तिचा अतिरेक होतच नाही, ती नेहमी चांगलीच. पण ती दुर्मीळ, हेही तो सांगून ठेवतो. नुसत्या बोटांच्या करामतीने गुदगुली होते. कान, श्वास, स्मरण, समज आणि शेजारी बसलेल्या माणसाचं असणं, हे सगळं एकदम हललं तर प्रसन्नता. ती मिळवून देणारी कला हलकी कशी म्हणणार? शोकाला निदान कारण पुरवता येतं. प्रसन्नता नव्याने घडवावी लागते, दर संध्याकाळी, हट्टी तातेवर.

पुढच्या व्याख्यानात बाखच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या शाकोनकडे वळू. तिथे रितोर्नेल्लो नाही, साथीदार नाहीत, आणि परतीचा प्रश्न आणखी कठीण आहे. आज इथे थांबू या.